राहून गेलेल्या गोष्टींची वही: आयुष्यभराची यादी करायची कशी आणि लावायची कशी

बहुतेकांच्या याद्या एकाच वाक्यापाशी तुंबतात: ‘रिटायर झालो की निवांत करू.’ त्या निवांतपणाच्या भरवशावर हिमालयातला ट्रेक, पेटी शिकणं, आईला काशीला नेणं असं सगळं एकावर एक रचून ठेवलेलं असतं. साठी येते तेव्हा ट्रेकचं वय गेलेलं असतं, आई नसते आणि उरते ती पेटी. ती खरं तर कुठल्याही वयात शिकता आली असती. अशा वेळी इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर क्रम चुकलेला असतो. म्हणून इथे यादी करण्यापेक्षा ती लावण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

वही आणि दोन बैठका

साहित्य साधं आहे. एक दोनशे पानी वही आणि पेन. मोबाईलमधली यादी चालत नाही असं नाही, पण ती तीन महिन्यांत किराणा मालाच्या आणि पासवर्डच्या नोंदींखाली गाडली जाते. वही कपाटात डोळ्यांसमोर राहते आणि खोडलेलं तिच्यात वाचता येतं. त्याचा पुढे उपयोग आहे.

दीड-दीड तासाच्या दोन बैठका ठरवा, मध्ये साधारण एक आठवडा ठेवा. पहिल्या बैठकीत साठपर्यंत आकडे घाला आणि न थांबता लिहीत सुटा. शक्य-अशक्य, खर्चिक-फुकट असा विचार करू नका. पहिल्या वीस ओळी बहुधा दुसऱ्यांच्याच असतात: कुणाच्या तरी फोटोत पाहिलेलं स्वित्झर्लंड, ऑफिसातल्या मित्राची मॅरेथॉन. त्या लिहून मोकळे व्हा. पंचविसाव्या-तिसाव्या ओळीच्या आसपास पेन अडतं. खरी यादी तिथून सुरू होते.

पेन अडलं की हे प्रश्न विचारा. दहावीच्या सुट्टीत काय करायचं ठरवलं होतं? माळ्यावर काय पडून आहे? (सायकल, कॅमेरा, कॅरमचा बोर्ड, भाता फाटलेली पेटी. माळा माणसाबद्दल बरंच सांगतो.) कुणाचा मनातून हेवा वाटतो आणि नेमका कशाचा? गावी गेल्यावर कुठली गोष्ट ‘पुढच्या वेळी’ म्हणून सोडून येता? कुणाशी बोलायचं राहिलंय? हेव्याचा प्रश्न लोक टाळतात, पण सगळ्यात खरी उत्तरं त्याच्याकडूनच येतात.

दुसऱ्या बैठकीत आधी भर घाला आणि मग चाळणी लावा.

चाळणी

साठातल्या पंचवीस-तीस राहिल्या तर भरपूर झाल्या. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी तपासा.

एक: फोटो काढायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही, अशी अट घातली तरी ही गोष्ट कराल का? उत्तर लगेच ‘हो’ आलं नाही तर बाजूला फुली मारा.

दोन: ही गोष्ट करायची आहे, की झालेली हवी आहे? ‘कादंबरी लिहायची’ म्हणणाऱ्याला कधी कधी रोज सकाळी टेबलाशी बसणं नको असतं, फक्त प्रकाशनाचा समारंभ हवा असतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वहीतली जागा मात्र अडवायला देऊ नका.

तीन: ती तुमच्या हातात आहे का? ‘मुलाने डॉक्टर व्हावं’ ही मुलाच्या वहीतली ओळ आहे, तीही त्याला लिहावीशी वाटली तर. तुमच्या वहीत तिचं रूप असं होईल: ‘त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी अमुक रक्कम अमुक सालापर्यंत.’

उरलेल्या ओळी मग दुरुस्त करून लिहा. झालं की नाही, हे तिऱ्हाईत माणसालाही सांगता यावं, इतकी ओळ पक्की हवी. ‘पोहायला शिकायचं’ ऐवजी ‘२५ मीटरच्या तलावात न थांबता २० लांब्या, म्हणजे ५०० मीटर’. ‘गाणं शिकायचं’ ऐवजी ‘गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका प्रथम परीक्षा’. परीक्षा नको असेल तर ‘भूप रागातली एक बंदिश, चार आलाप आणि चार तानांसकट, तबल्याबरोबर, घरच्या माणसांसमोर’.

‘ज्ञानेश्वरी वाचायची’ ही ओळ कितीतरी वह्यांत वर्षानुवर्षं पडून असते. तिचं गणित करून पाहा. ओव्या साधारण नऊ हजार. रोज २५ ओव्या अर्थासकट वाचल्या तर ३६० दिवस, म्हणजे एक वर्ष. वाचन सुटतं ते बहुतेकदा तेराव्या अध्यायात, आणि तो काही सर्वांत कठीण आहे म्हणून नव्हे. बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आतच ओव्या आहेत, तो दहा दिवसांत संपतो. त्याच वेगाची सवय घेऊन माणूस तेराव्यात शिरतो आणि तिथे ११७० ओव्या निघतात. सत्तेचाळीस दिवस एकच अध्याय. अठरावा त्याहून मोठा, १८१० ओव्यांचा. त्याला बहात्तर दिवस लागतात. हे आधी माहीत असलं तर त्या दोन अध्यायांचे मुक्काम पाडता येतात: दर दोनशे ओव्यांना एक दिवस सुट्टी, किंवा मागचं पुन्हा वाचणं. लांब पल्ल्याच्या कुठल्याही कामात हाच नियम लागू पडतो. सरासरी वेग काढून भागत नाही, सर्वांत लांब टप्पा कुठे येतो ते आधी शोधावं लागतं.

मुदतीचा रकाना

आता मुख्य काम. प्रत्येक ओळीपुढे ‘कधीपर्यंत’ असा रकाना आखा. इथे तुमची सोय लिहायची नाही. त्या गोष्टीची स्वतःची शेवटची तारीख लिहायची. अशा तारखा तीन ठिकाणांहून येतात.

पहिली शरीराची आणि नियमांची. कैलास-मानसरोवरच्या सरकारी यात्रेला वयाची अट १८ ते ७० आहे, शिवाय बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ किंवा त्याखाली लागतो. नावं सोडतीने काढतात, त्यामुळे अर्ज केला त्याच वर्षी नंबर लागेलच असं नाही. साठीत सुरुवात करणाऱ्याने हातात तीन-चार प्रयत्न राहतील असं धरून चालावं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्सला वयाची वरची मर्यादा चाळिशीच्या आसपास आहे, कोर्स २८ दिवसांचा असतो आणि जागा खूप आधी भरतात. म्हणजे चौतिशीतल्या माणसाच्या वहीत ही ओळ युरोपच्या वर यायला हवी. युरोप पंचावन्नाव्या वर्षीही तिथेच असेल. कळसूबाई १६४६ मीटरचीच आहे, पण साठीनंतर गुडघे चढण्यापेक्षा उतरताना तक्रार करतात. आणि रोज संध्याकाळी चालणाऱ्यांचे गुडघेही ती करतात.

दुसरी मुदत दुसऱ्या माणसाची. आईला काशीला न्यायचं असेल तर तारीख तुमच्या रजेवरून ठरत नाही, तिच्या गुडघ्यांवरून ठरते. आई-वडील सत्तरीत असतील तर त्यांच्या नावाच्या सगळ्या ओळी येत्या तीन वर्षांत घ्या, बाकीचं काहीही मागे ढकला. याच गटात एक बिनखर्चाची ओळ असते आणि ती हमखास विसरली जाते. घरातला जुना अल्बम. काळ्या कागदावर कोपऱ्यांत चिकटवलेले फोटो, लग्नाच्या मांडवातली वीस माणसं, डावीकडून तिसरी नऊवारीतली बाई कोण, ते आता फक्त आत्याला सांगता येतं. एका दुपारी तिच्याशेजारी बसा, मोबाईलवर आवाज मुद्रित करत राहा आणि फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, अंदाजे साल लिहा. पेनाने लिहू नका. शाई पुढे उमटते. दीडशे फोटोंना साधारण तीन दुपारी लागतात. या कामाची शेवटची तारीख आत्याची स्मरणशक्ती आहे आणि ती कुठल्याही कॅलेंडरवर छापलेली नसते.

तिसरी मुदत आकाशाची आणि झाडापानांची. खग्रास सूर्यग्रहण पाहायचं असेल तर २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल. तिथे जाणं जमणार नसेल तर २० मार्च २०३४ ला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, तो पट्टा काश्मीर-लडाखवरून जाईल. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मुन्नारला २०१८ मध्ये फुलली होती, पुढची पाळी २०३० ची. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, आता २०६१. या ओळींना इच्छेची नव्हे, आगाऊ बुकिंगची गरज असते.

ज्या ओळींना कुठलीच मुदत निघत नाही, त्यांच्यापुढे रेघ ओढा. वाचन, भाषा, मोडी लिपी, बागकाम. त्या मोकळ्या आहेत. सध्याच्या धकाधकीत रोज वीस मिनिटं काढून त्यांना आत्ताही सुरुवात करता येते किंवा त्या निर्धास्तपणे पुढे टाकता येतात.

आता वहीच्या मधल्या दोन पानांवर दहा-दहा वर्षांचे कप्पे आखा: ३५ ते ४४, ४५ ते ५४, असे. ओळी मुदतीप्रमाणे त्यांत टाका. जवळजवळ प्रत्येकाला इथे धक्का बसतो. साठीनंतरचा गच्च भरलेला कप्पा अर्धा रिकामा होतो आणि चालू दहा वर्षांत गर्दी होते. ती गर्दी पाहून मग वरची चाळणी पुन्हा एकदा लावा. या वेळी हात कमी थरथरतो.

पैसा आणि रजा

पैशाचा हिशोब आजच्या भावाने केला की फसतो. समजा एका प्रवासाला आज दीड लाख लागतात आणि तो सहा वर्षांनी करायचा आहे. वर्षाला ६ टक्के भाववाढ धरली तर तेव्हा सुमारे २ लाख १३ हजार लागतील. ७२ महिन्यांनी भागलं की महिन्याला साधारण तीन हजार. व्याज मिळेल ते वरखर्चाला. या पैशासाठी वेगळं आरडी खातं उघडा आणि वहीतल्या त्या ओळीसमोर खात्याचे शेवटचे चार आकडे लिहा. घरखर्चाच्या खात्यात साठवलेली प्रवासाची रक्कम फ्रिज बिघडला की फ्रिजची होते. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवू नका. बाजार पडलेला असतो त्याच महिन्यात विमानाचं तिकीट काढायचं येतं.

रजा ही पैशाहून दुर्मीळ गोष्ट आहे आणि यादी करताना तिचा विचार फारसा कुणी करत नाही. विपश्यनेचा ‘दहा दिवसांचा’ कोर्स म्हणजे कॅलेंडरवरचे बारा दिवस: आदल्या दिवशी दुपारी हजर व्हायचं, अकराव्या दिवशी सकाळी सुटका. इगतपुरीला पोचण्याचा प्रवास वेगळा. फी नसते, मोबाईल जमा करतात. तेव्हा बारा दिवस ऑफिसचा आणि घरचा एकही फोन घेता येणार नाही, हे आधी दोन्हीकडे सांगून ठेवावं लागतं. मधूनच उठून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ध्यानापेक्षा घरी न सांगितलेलं काहीतरी टोचत असतं.

एक पान जवळून: आषाढी वारी

चालू कप्प्यातल्या प्रत्येक ओळीला एक पान द्या. पानावर सहा गोष्टी हव्यात: नेमकं काय, शेवटची तारीख, पैसे, दिवस, शरीराची तयारी आणि पंधरा मिनिटांत होणारं पहिलं काम. उदाहरणादाखल वारीचं पान भरून पाहू.

नेमकं काय: माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर, साधारण अडीचशे किलोमीटर, पूर्ण पायी.

दिवस: प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पोचणं आषाढी एकादशीच्या तोंडावर. परतीसकट तीन आठवडे धरा. इथली खोच तिथीत आहे. २०२५ मध्ये आषाढी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २५ जुलैला गेली. गेल्या वर्षीची तारीख पाहून रजेचा अर्ज टाकणारा फसतो. पंचांग हातात घेऊनच अर्ज करा.

पैसे: दिंडीची भिशी, म्हणजे जेवण, तंबू आणि सामानाच्या ट्रकचा वाटा. प्रत्येक दिंडीची वेगळी असते. एकट्याने चालत जाता येतं, लोक जातातही, पण पहिल्या वर्षी मुक्कामाची जागा आणि पहाटेची आंघोळ या दोन गोष्टी एकट्याला दमवतात. दिंडी धरा. नाव नोंदवायला प्रस्थानाच्या आठवड्यात जाऊ नका. दोन-तीन महिने आधी दिंडीच्या विणेकऱ्यांना किंवा व्यवस्था पाहणाऱ्यांना भेटा.

शरीर: बारा आठवडे. पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस ५ किलोमीटर. पुढचे चार आठवडे ८ किलोमीटर आणि रविवारी १५. शेवटच्या चारांत दोन वेळा शनिवार-रविवार लागोपाठ २० किलोमीटर. लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी वीस किलोमीटर कुणीही चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा चालणं, हीच वारीची खरी परीक्षा. सर्वांत लांब टप्पा पुणे ते सासवड, सुमारे तीस किलोमीटर, आणि त्यात दिवे घाट. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीच येतो, पाय रुळायच्या आधी.

नवे बूट घालून जाऊ नका. निदान शंभर किलोमीटर वापरलेले, अर्धा नंबर मोठे घ्या, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. पाऊस असतोच, मोज्यांचे चार जोड लागतात आणि ओला मोजा दिसताक्षणी बदलायचा, मुक्कामाची वाट पाहायची नाही. फोड येतात ते ओलाव्याने आणि घासण्याने. सकाळी टाचा आणि बोटांमध्ये व्हॅसलीन चोळलं की अर्धं काम होतं.

पहिलं काम: ओळखीतल्या एका वारकऱ्याला फोन करून तो कुठल्या दिंडीत चालतो, ते विचारणं. पंधरा मिनिटं.

तीन आठवडे निघतच नसतील तर पहिल्या वर्षी नमुना चाला: आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड, दोन दिवसांची चाल. वहीतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या ओळीचा असा नमुना काढता येतो आणि तो आधी करणं स्वस्त पडतं. नर्मदा परिक्रमा करायची म्हणणाऱ्याने १३१२ किलोमीटरच्या नदीचे दोन्ही काठ डोक्यात घेण्याआधी एका काठाने आठ दिवस, आश्रमात मिळेल ते खाऊन, फरशीवर झोपून पाहावं. काहींची ओळ त्यानंतर पक्की होते, काहींची सुटते. दोन्हींत फायदाच आहे.

एका वेळी तीन

चालू ओळी तीनच ठेवा: एक शरीराची, एक शिकण्याची, एक जिच्यासाठी फक्त पैसे साठत आहेत अशी. नोकरी, घर, लोकलचा प्रवास असलेल्या माणसाला आठवड्याला सहाच्या आसपास मोकळे तास मिळतात. पोहण्याला तीन, पेटीला तीन, झाले सहा. चौथी ओळ घुसली की तिन्ही लंगडतात, आणि आधी मरते ती शिकण्याची, कारण ती चुकली तरी कुणी ओरडत नाही.

घरच्यांना वही कधी दाखवायची? चाळणी झाल्यावर, आधी नाही. साठ ओळींची कच्ची यादी जोडीदाराने पाहिली की ‘यात आम्ही कुठे आहोत?’ हा प्रश्न येतो, आणि तो रास्त असतो. त्यांनाही त्यांची वही करू द्या आणि मग दोन्ही वह्यांतल्या जुळणाऱ्या ओळी शोधा. न जुळणाऱ्या ओळींसाठी सरळ देवाणघेवाण ठरवा: तुझ्या दहा दिवसांच्या ट्रेकला मुलांचं मी बघतो, माझ्या वारीला तू.

स्वप्नांच्या ओळींबरोबर एक-दोन कोरड्या ओळीही वहीत असू द्या. मृत्युपत्र ही त्यातली पहिली. साध्या कागदावर चालतं, सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. साक्षीदार ज्यांना काही मिळणार नाही असे आणि वयाने आपल्याहून लहान निवडा. नेत्रदानाचा किंवा देहदानाचा अर्ज भरला असेल तर तो कुठल्या कपाटात आहे, हे घरातल्या दोघांना माहीत हवं. नुसती इच्छा मृत्यूनंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाडवा आणि दसरा

वही वर्षातून दोनदा उघडायची: गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला. दोन्हींत सहा महिन्यांचं अंतर पडतं, पाडव्याच्या सुमाराला आर्थिक वर्ष बदलतं, बऱ्याच ऑफिसांत रजाही नव्याने जमा होतात, आणि दोन्ही सण विसरायची सोय नाही. बैठक अर्ध्या तासाची. चालू तीन पानं उघडा, पहिलं काम झालं का पाहा, मुदतीचा रकाना पुन्हा वाचा. आईची तब्येत बदलली असेल तर तारीखही बदला.

तीन बैठकांत, म्हणजे दीड वर्षात, एखाद्या ओळीला हातही लागला नसेल तर तिचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवा: नमुना लहान करा, पुढच्या कप्प्यात ढकला किंवा खोडा. खोडताना एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख व दोन शब्दांत कारण. ‘आता नको वाटतं’ हे पुरेसं कारण आहे. चार-पाच वर्षांनी या खोडलेल्या ओळी वाचल्या की एखादी पुन्हा वर येते.

पूर्ण झालेल्या ओळीच्या पानावर चार नोंदी करा: तारीख, बरोबर कोण होतं, प्रत्यक्ष खर्च किती आला आणि पुन्हा करायचं तर काय वेगळं कराल. खर्चाचा आकडा खरा लिहा. पुढच्या ओळीचा अंदाज त्याच्यावरूनच बांधायचा आहे. आणि त्या आठवड्यात नवी ओळ चालू करू नका. मोठं काही संपलं की काही दिवस रिकामं वाटतं. त्या पोकळीत माणूस समोर दिसेल ते सुरू करतो आणि बहुतेकदा ती दुसऱ्याच कुणाच्या तरी फोटोतली गोष्ट असते. तीन पानांतलं एक पान तेवढे दिवस कोरंच राहू द्या.